गाव नसलेला संघ

मेक्सिको सिटीत पहिले दोन महिने मी निरक्षर होते. पाट्यांवरची अक्षरं ओळखीची होती, पण त्यातून शब्द निघायचा नाही. दुकानात बोटानं दाखवायचं, सांगतील ते पैसे द्यायचे आणि हसून बाहेर पडायचं. आधार दिला तो तिथल्या मेट्रोनं. १९६९ साली ती सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक स्टेशनच्या नावासोबत एक चित्र असतं. कुठं टोळ, कुठं बदक, कुठं तोफ. वाचता न येणाऱ्यालाही आपलं स्टेशन ओळखता यावं म्हणून. ऑफिसात कुणी विचारलं की कुठून बसलीस, तर मी बिनदिक्कत "टोळावरून" म्हणायचे. लोकांना कळायचं.

त्या चित्रांच्या भरवशावरच एका संध्याकाळी शहराच्या उत्तरेला, फेरेरिया स्टेशनवर उतरले. हा भाग आस्कापोत्साल्कोचा. नाहुआत्ल भाषेत त्याचा अर्थ मुंग्यांच्या वारुळांची जागा, आणि मुंगी हेच त्या भागाचं चिन्ह. या बाजूला पूर्वी शहराचा कत्तलखाना होता. आता तिथं 'अरेना सिउदाद दे मेहिको' उभं आहे. २०१२ साली उघडलेलं, वीस हजारांवर माणसं बसतील एवढं बंदिस्त स्टेडियम. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे जास्तीचं तिकीट होतं. "तू शाळेत बास्केटबॉल खेळायचीस ना? मग चल," एवढंच त्याचं आमंत्रण. तो स्वतः ओआहाकाच्या डोंगरातला, झापोतेक. त्याच्याबद्दल पुढं सांगते, कारण या संघाबद्दल मला जो काही विचार करावा लागला, तो त्याच्याशी भांडताना.

संघाचं नाव कापितानेस. म्हणजे कप्तान मंडळी. अकरा-बारा जण सगळेच कप्तान असलेला संघ कसा चालत असेल, असा टिपिकल नागपुरी विनोद मी पहिल्याच दिवशी केला. तो स्पॅनिशमध्ये पोचला नाही.

आत शिरल्यावर आधी मक्याचा वास आला. एस्कितेस म्हणतात त्याला. उकडलेले मक्याचे दाणे पेल्यात भरायचे, वर लिंबू, तिखट, मेयोनीज आणि किसलेलं चीज. मेयोनीजपर्यंत सगळं आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरचं, मेयोनीजनंतर परकं. तिखटाची बाटली मी हातातून सोडली नाही तेव्हा विकणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं पाहिलं.

आणि मग खेळ. दुसऱ्या सत्राच्या अखेरीला माझ्या लक्षात आलं की पाहुण्या संघाचे खेळाडू प्रत्येक शिट्टीला गुडघ्यांवर हात टेकून वाकतायत. सहा फूट आठ इंच उंचीची, दगडासारखी माणसं, आणि तोंड उघडं. हे शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ सहाशे मीटर वर. अमेरिकेत डेन्व्हरच्या उंचीचा केवढा बाऊ करतात, ते सोळाशेच्या आसपास. माझाही पहिल्या आठवड्यात दोन जिने चढताना जीव जायचा, त्यामुळे त्या पाहुण्यांविषयी मला आतून माया वाटली. सहकारी म्हणाला, "आमचा सहावा खेळाडू. याला पगार द्यावा लागत नाही."

एक गोष्ट मात्र मला कळेना. यजमानांच्या खेळाडूवर शॉट मारताना फाउल झाला, तो रेषेवर उभा राहिला, एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा चेंडू, टाकला, तो बसला, आणि सगळे परत पळाले. दुसरा कुठाय? मी चक्क उठून उभी राहिले, जणू पंचांची चूक मीच काढणार. मग कळलं की या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या हाताखालच्या जी-लीगमध्ये, २०१९ पासून नियमच तसा आहे. एकच फ्री थ्रो. दोनच्या शॉटवर फाउल असेल तर तो एक चेंडू दोन गुणांचा, तीनच्या शॉटवर असेल तर तीनचा. शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळ सोडून. सामना लवकर संपावा म्हणून केलेली युक्ती आहे, पण त्यामुळे रेषेवरच्या माणसाचा चेहरा बदलतो. आमच्या वेळी पहिला चुकला तर दुसऱ्यावर सावरता यायचं. पहिला म्हणजे रिंगचा अंदाज, दुसरा खरा. इथं अंदाज घ्यायला काही ठेवलेलंच नाही.

"आमच्या वेळी" म्हणजे नागपुरात, मुरमाच्या कोर्टवर. मे महिन्यात त्या मुरमावरून चेंडू कुठंही उडायचा. खडा लागला की ड्रिबल गेलं. म्हणून आमची पिढी पासवर वाढली. चेंडू जमिनीला लावायचाच कशाला? मी संघात होते, पण बहुतेक वेळ बाकावर. बाकावर बसून खेळ फार चांगला कळतो, असं आमचे सर म्हणायचे. मला वाटतं ते आमचं सांत्वन करायचे.

त्या मुरमाची आठवण निघाली, कारण सामन्यानंतर सहकाऱ्यानं मला १९३६ चं ऑलिंपिक सांगितलं. बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो बर्लिनला, आणि यजमानांनी तो उघड्यावर, टेनिसच्या असतात तसल्या मातीच्या कोर्टांवर खेळवला. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस आला. चिखलात चेंडू टप्पाच खाईना. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. हा सगळ्या सामन्याचा स्कोअर बरं का, पहिल्या पाच मिनिटांचा नव्हे. आणि त्या मातीतल्या स्पर्धेत तिसरा आला मेक्सिको, पोलंडला २६-१२ असं हरवून. ऑलिंपिकमधलं बास्केटबॉलचं त्यांचं आजवरचं एकमेव पदक. आपल्याला वाटतं मेक्सिको म्हणजे फुटबॉल आणि मुष्टियुद्ध. तसं ते आहेच. पण हा खेळ त्यांच्याकडे काल आलेला नाही.

आता या संघाची जातकुळी सांगायला हवी, कारण ती विचित्र आहे.

कापितानेस २०१७ च्या हंगामात मेक्सिकोच्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये उतरले. ही लीग २००० साली सुरू झालेली. राजधानीचा नवा संघ, घर म्हणून हुआन दे ला बारेरा नावाचं जुनं ऑलिंपिक जिम्नॅशियम. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये तिथं व्हॉलीबॉल झाला होता. सुमारे पाच हजार माणसांची जागा. पहिल्याच वर्षी संघ अंतिम फेरीत गेला आणि मेहिकालीच्या 'सोलेस'कडून हरला. दुसऱ्या वर्षी परत अंतिम फेरी, आणि मॉन्तेर्रेयच्या 'फुएर्सा रेहिया'कडून हार. (सोलेस म्हणजे सूर्य. मेहिकालीचा उन्हाळा ऐकलात तर नाव का ठेवलं ते कळेल. आम्हा नागपूरकरांना तरी कळतं.) करंडक काही हाती लागला नाही. आणि लागायच्या आत संघानं घरच बदललं.

१२ डिसेंबर २०१९. एनबीएचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी मेक्सिको सिटीत जाहीर केलं की कापितानेस एनबीएच्या जी-लीगमध्ये येणार. अमेरिका आणि कॅनडा सोडून बाहेरचा पहिला संघ. त्याच रात्री अरेनात डॅलस मॅव्हरिक्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स यांचा सामना होता आणि लुका डॉन्चिचनं ४१ गुण केले. पण शहरासाठी ती तारीख वेगळ्याच कारणानं मोठी. १२ डिसेंबर हा ग्वादालुपेच्या माउलीचा दिवस. तिचं देऊळ अरेनापासून फार लांब नाही. लाखो माणसं पायी, सायकलवर, पाठीवर तसबीर बांधून येतात, शेवटचा टप्पा गुडघ्यांवर सरकत जातात. ते दृश्य मी पुढं तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा आईला फोन करून एवढंच म्हटलं, "आषाढी आहे इथं, थंडीतली." सहकाऱ्याचं म्हणणं, त्या दिवशी बास्केटबॉलच्या बातमीकडे पाहायला राजधानीत कुणाला सवड होती?

मला २०१९ चा वेगळाच संदर्भ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ४ आणि ५ तारखेला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले होते. भारतातले एनबीएचे पहिले सामने. पहिल्या दिवशी सगळी शाळेची मुलं बसवली होती, दुसऱ्या दिवशीचं तिकीट मी अर्धा पगार ओतून काढलं होतं. दोन महिन्यांच्या अंतरानं तेच दुकान दोन शहरांत येऊन गेलं; आमच्याकडे दोन दिवसांची जत्रा भरवून गेलं, त्यांच्याकडे बिऱ्हाड करून राहिलं. हेवा वाटला हे कबूल करते.

अर्थात त्यांच्याकडे हे एका दिवसात झालं नाही. १९९७ च्या डिसेंबरातच ह्यूस्टन आणि डॅलस मेक्सिको सिटीत हंगामातला खरा सामना खेळून गेले होते, तांब्याच्या घुमटाच्या त्या 'पालासिओ दे लोस देपोर्तेस'मध्ये. त्याच वर्षी सिनालोआचा ओरासिओ यामास फिनिक्सकडून एनबीएत खेळणारा पहिला मेक्सिकन ठरला. मग चिवावाचा एदुआर्दो नाहेरा, मग नायारितचा गुस्तावो आयोन. आणि फजितीही झाली. ४ डिसेंबर २०१३ ला याच अरेनात सॅन अँटोनियो आणि मिनेसोटा यांचा सामना होता. खेळाडू सराव करतायत, आणि बाहेरच्या जनरेटरमध्ये बिघाड होऊन सगळ्या स्टेडियममध्ये धूर भरला. दिवे गेले, खेळाडूंना बाहेर काढलं, सामना रद्द. तो पुढं मिनियापोलिसला खेळवावा लागला. सहकारी त्या रात्री तिकीट घेऊन बाहेर रांगेत उभा होता. "धुराचं तिकीट" म्हणून ते त्यानं अजून पाकिटात जपून ठेवलंय. आम्हा लोकांना हे दुःख समजतं: पाहुणे दारात, आणि घरातली लाइट गेलेली.

तर संघ जाहीर झाला, आणि तीन महिन्यांत कोविड आला. २०२०-२१ च्या हंगामात कापितानेस उतरलेच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी उतरले, पण घराबाहेर. मुक्काम टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला, आणि तेही हंगामाच्या सुरुवातीच्या शोकेस कप नावाच्या स्पर्धेतल्या मोजक्या सामन्यांपुरते. छातीवर मेक्सिको सिटी लिहिलेलं, आणि राहायला टेक्सस. अंगावर गावाचं नाव आणि पायाखाली परकी जमीन, हे मेक्सिकोत इतकं ओळखीचं आहे की त्यावर कुणी विनोदही केला नाही. त्या फिरतीच्या संघातून अल्फोन्झो मॅकिनीला डिसेंबर २०२१ मध्ये शिकागो बुल्सनं उचललं. म्हणजे संघाला घर मिळायच्या आधी त्याचा माणूस वरच्या घरी गेलासुद्धा. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरात कापितानेस आपल्या शहरात, अरेनात, पूर्ण हंगाम खेळायला आले. त्याच सुमाराला मीही आले. माझं येणं अर्थातच कुणी जाहीर केलं नाही.

जी-लीग हा प्रकार समजून घ्यायला मला वेळ लागला. एनबीएच्या प्रत्येक संघाचा खाली एक जोडसंघ असतो. वरच्या संघाला गडी तयार करून द्यायचा, दुखापतीतून उठलेल्याला दोन सामने सराव द्यायचा, ही त्याची कामं. आज तीसच्या तीस एनबीए संघांना असा एकेक संघ आहे. आणि एकतिसावा कापितानेस. त्याला वर कुणी नाही. कुठल्याच एनबीए संघाचा तो नव्हे. काही वर्षं 'इग्नाइट' नावाचा तसाच एक बिनपालकांचा संघ होता, तरुण पोरांचा. आपला प्रिन्सपाल सिंग त्यातच होता. २०२४ मध्ये तो बंद झाला. आता हा एकटाच.

याचा अर्थ काय होतो? लीगमधल्या बहुतेक खेळाडूंचा करार संघाशी नसतो, लीगशी असतो. कुठल्याही एनबीए संघानं फोन केला की खेळाडू निघाला. पैशाचं गणितच तसं आहे. इथला सगळ्या हंगामाचा पगार मी गेले तेव्हा चाळीस हजार डॉलरच्या आसपास होता. एनबीएतला दहा दिवसांचा करारही त्याहून जास्त देतो. दहा दिवस! मग कोण थांबेल, आणि का थांबावं? जोडसंघांना निदान एवढं समाधान असतं की आपला पोरगा आपल्याच मोठ्या घरी गेला. कापितानेसचा माणूस कुठंही जाऊ शकतो, आणि कुठंही गेला तरी परक्याच्याच घरी.

पहिल्या हंगामात मी ज्यांना पाहिलं त्यांत केनेथ फरीड होता, एकेकाळी डेन्व्हरमध्ये रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून उडालेल्या चेंडूसाठी, हवेत झेपावणारा. आणि जलील ओकाफोर. २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात तिथं, ओकाफोर तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच रात्री, बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबातल्या सतनाम सिंगचं नाव पुकारलं गेलं. एनबीए संघानं निवडलेला पहिला भारतीय. आम्ही नागपुरात तेव्हा पेढे वाटले होते, सतनामशी आमचा काहीही संबंध नसताना. सतनाम एनबीएत एकही सामना न खेळता याच खालच्या लीगमध्ये दोन वर्षं काढून परतला. आणि तिसऱ्या क्रमांकाचा ओकाफोर सात वर्षांनी मक्याच्या वासात, माझ्यापासून तीस फुटांवर, मोजे वर ओढत बसला होता. तीन आणि बावन्न यांच्यातलं अंतर त्या रात्री केवढं वाटलं होतं.

माझ्या सहकाऱ्याला यातलं काही पटायचं नाही. "हा संघ कुणाचा?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्याच्या डोंगरात बास्केटबॉल म्हणजे करमणूक नव्हे. गावाच्या मधोमध कोर्ट. लग्न तिथंच, गावसभा तिथंच, संध्याकाळी पोरं खेळतात ती तिथंच. सपाट जमिनीचा तेवढा एकच तुकडा, मग फुटबॉलचं मैदान करणार कुठं? दरवर्षी २१ मार्चला, बेनितो हुआरेसच्या जयंतीला, त्याच्या जन्मगावी गेलाताओला मोठी स्पर्धा भरते. हुआरेस म्हणजे गरीब झापोतेक घरातून देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस. त्या स्पर्धेत खेळायचं तर तुम्ही त्या गावचे असायला हवं. बाहेरून उंच गडी आणून उभा केला असं चालत नाही. लॉस एंजेलिसला गेलेले ओआहाकाचे लोकसुद्धा तिकडे स्पर्धा भरवतात आणि संघाला आपापल्या गावाचंच नाव देतात. "आम्ही माणसं गमावली, पण संघ कधी विकत घेतला नाही," तो म्हणायचा. "आणि हे बघ. एक टेक्ससचा, एक शिकागोचा, प्रशिक्षक स्पेनचा. दोन-तीन मेक्सिकन. उद्या हे सगळे जातील. मग तू टाळ्या कुणासाठी वाजवतेस? जर्सीसाठी?"

मी म्हणायचे, मग तू तिकीट कशाला काढतोस? तो म्हणायचा, माझं सोड.

नागपूरच्या मुलीचं मेक्सिकोत काय काम, असं घरचे विचारायचे तेव्हा मी पांडुरंग खानखोज्यांचं नाव पुढं करायचे. वर्ध्याचा, गदर चळवळीतला क्रांतिकारक, मेक्सिकोत येऊन मक्या-गव्हावर संशोधन करणारा, इतका तिथलाच झालेला की चित्रकार दिएगो रिव्हेरानं त्याला शिक्षणखात्याच्या भिंतीवरच्या चित्रात रंगवलं. म्हातारपणी नागपुरात परतले, तिथंच गेले. म्हणजे माणूस कुठला, याचं उत्तर तारखेवर अवलंबून असतं. हे मी सहकाऱ्याला सुनावलं. तो म्हणाला, मका आणि बास्केटबॉल यात फरक आहे. मका एका जागी उगवतो.

आमच्या रांगेत कायम एक सेन्योरा यायच्या, नातवाला घेऊन. सत्तरीच्या असाव्यात. मला त्या पहिल्या दिवसापासून 'मिहा' म्हणायच्या, म्हणजे आपलं 'पोरी'. त्यांचा एक लाडका खेळाडू होता. मधल्या फळीतला, फार मोठा नव्हे. फ्री थ्रोच्या आधी बुटांचे तळवे हातानं पुसायचा, आधी डावा, मग उजवा, आणि मग हात शॉर्ट्सला. सेन्योरा त्याच्याबरोबर आपले तळहात मांडीवर पुसायच्या. आधी डावा, मग उजवा. नातू लाजायचा. मीही पुसायला लागले. एक चेंडू, दोन गुण. मदत केलेली बरी.

जानेवारीतल्या एका सामन्याला तो दिसलाच नाही. बाकावर नाही, सरावात नाही. मी सेन्योरांकडे पाहिलं. त्या एस्कितेस ढवळत म्हणाल्या, "से फुए आल नोर्ते." उत्तरेला गेला, म्हणजे अमेरिकेला. हे वाक्य मी त्या शहरात शेकडो वेळा ऐकलं होतं. भाजीवाल्याचा भाऊ, घरमालकिणीचा पुतण्या, इस्त्रीवालीचा नवरा, सगळे उत्तरेला गेलेले. नदी ओलांडून गेलेला आणि दहा दिवसांच्या करारावर विमानानं गेलेला, दोघांसाठी एकच क्रियापद. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा तोरा होता, पोराचं चांगलं झालं असं सांगतानाचा. मग शिट्टी झाली, दुसराच कुणी रेषेवर उभा राहिला, आणि त्यांनी सवयीनं तळहात पुसले. नातू म्हणाला, "आजी, हा तसं करत नाही." त्या म्हणाल्या, "मी करते."

हे मी दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. तसा तो न बोलणारातला नव्हे.

सगळे उत्तरेलाच जातात असंही नाही. मानुएल रागा नावाचा तामाउलिपासचा एक खेळाडू होता, 'उडणारा मेक्सिकन' म्हणायचे त्याला. १९७० मध्ये अटलांटा हॉक्सनी ड्राफ्टमध्ये त्याची निवड केली, पण इटलीतल्या वारेसे क्लबशी असलेला त्याचा करार सोडवायला लागणारे पैसे त्यांनी काही काढले नाहीत. तो राहिला इटलीतच, आणि त्या क्लबबरोबर तीनदा युरोपचा विजेता झाला. आणि हुआन तोस्कानो-अँडरसन तर उलट्या वाटेचा. ओकलंडमध्ये वाढलेला, आजोळ मेक्सिकन. अमेरिकेत कुणी निवडला नाही म्हणून मेक्सिकोत आला. मेहिकालीच्या सोलेसकडून खेळला, फुएर्सा रेहियाबरोबर विजेतेपद मिळवलं, राष्ट्रीय संघात गेला. मग परत कॅलिफोर्नियात जाऊन जी-लीगच्या खुल्या चाचणीत रांगेत उभा राहिला. तिथून गोल्डन स्टेट वॉरियर्स, आणि २०२२ मध्ये एनबीए विजेत्यांची अंगठी. पुढच्याच वर्षी तो कापितानेसमध्ये आला. अरेना डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या रात्री माझा सहकारी घसा बसेपर्यंत ओरडत होता, संघ कुणाचा वगैरे सगळं विसरून. थोड्याच दिवसांत सॅक्रामेंटोचा फोन आला आणि तोही गेला.

"बघ," सहकारी म्हणाला. पण या वेळी त्याच्या 'बघ'मध्ये जोर नव्हता.

गंमत म्हणजे हुआन दे ला बारेराचं ते जुनं जिम्नॅशियम रिकामं राहिलं नाही. बेसबॉलचा प्रसिद्ध 'दियाब्लोस रोहोस' क्लब २०२४ मध्ये बास्केटबॉलमध्ये उतरला, त्याच जागेत, त्याच राष्ट्रीय लीगमध्ये, आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. कापितानेसना दोन अंतिम फेऱ्यांत न मिळालेला करंडक.

तोपर्यंत मी परतले होते. हाताला प्रोजेक्ट नसलं की आम्हा आयटीवाल्यांत 'बेंच'वर बसणं म्हणतात. क्लायंटनं प्रोजेक्ट आवरतं घेतलं, शुक्रवारी मेल आला, पुढच्या महिन्यात तिकीट. शाळेतल्या बाकावर निदान सामना दिसायचा. शेवटच्या सामन्याला सेन्योरांना सांगितलं, मी जाते. त्यांनी विचारलं, "आल नोर्ते?" मी म्हटलं, नाही, फार पूर्वेला. त्यांनी माझा तळहात घेतला आणि आपल्या स्वेटरला पुसला. आधी डावा.

आता तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की नागपुरात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. साडेअकरा तासांचा फरक, घड्याळाच्या काट्यासारखा पक्का. परवा उशिरा उठले, फोनवर सामना लावला तोवर दुसरं सत्र सुरू होतं. चहा ठेवला, फोन साखरेच्या डब्याला टेकवला. स्क्रीन एवढीशी. एक संघ पांढऱ्यात, एक गडद. ओळखीचं एकही नाव नाही. प्रशिक्षक नवा, खेळाडू नवे. हल्ली घरच्या सामन्यात कोण कुठला रंग घालेल याचा नेम नाही. बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले, चष्मा वर करून वाकले.

"यातले आपले कोन्ते?"

"पांढरे," मी म्हटलं.

मग आम्ही दोघं पांढऱ्यांसाठी ओरडलो. पांढऱ्यांनी चेंडू हिसकावला, मी टाळी वाजवली. पांढऱ्यांचा तीनचा शॉट बसला, बाबांनी पेपर टेबलावर आपटला. अरेना मात्र गप्प. मला वाटलं, फोनचा आवाज गेला. पुढच्या वेळी पांढऱ्यांचा एक गडी गुडघ्यांवर हात टेकून वाकला, तोंड उघडं, आणि माझ्या पोटात धस्स झालं.

"बाबा," मी म्हटलं, "थांबा जरा."